आधी मुहूर्त पाहावा, मग फुले निवडावीत

तुळशीची लग्ने लागली की नाशिकमधील लॉन्स आणि मंगल कार्यालयांच्या तारखा भराभर भरू लागतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या वेळच्या बहुतेक पत्रांमध्ये व्यासपीठामागची सजावट, म्हणजे आता सर्वजण ज्याला बॅकड्रॉप म्हणतात तो, आणि फुलांची निवड यांविषयी विचारणा आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून, पत्रलेखकांची नावे न देता, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गंगापूर रस्त्यावरील एका लॉन्सवर आहे. मुहूर्त दुपारी साडेबाराचा आहे. तिने मला फिक्या गुलाबी आणि मोतिया रंगाच्या हायड्रेंजियाने सजवलेल्या गोल कमानीची छायाचित्रे दाखवली आहेत. डेकोरेटर म्हणतात की ही फुले दुपारपर्यंत टिकणार नाहीत, त्यामुळे सगळी कृत्रिमच घ्या. आम्ही काय करावे? (वधूमाता, कॉलेज रोड)

उत्तर : डेकोरेटरांचे पहिले म्हणणे बरोबर आहे, दुसरे मात्र मान्य करण्याचे कारण नाही. मे महिन्यात नाशिकचा पारा दुपारी ३८ ते ४० अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी असते, आणि हायड्रेंजियाच्या गुच्छात पाकळ्यांसारखी दिसणारी जी पातळ दले असतात त्यांतून पाणी इतक्या वेगाने उडून जाते की देठ पाण्यात बुडालेला असला तरी गुच्छ मान टाकतो. ते थंड हवेचे फूल आहे आणि आपण पाहिलेली छायाचित्रे बहुधा थंड प्रदेशातील किंवा वातानुकूलित सभागृहातील असावीत. परंतु आपल्या मुलीला मनापासून आवडला आहे तो रंग आणि आकार. फिका गुलाबी, पीच, मोतिया, फिकट पिवळा हे सर्व रंग गुलाब, कार्नेशन आणि जरबेरा यांत सहज मिळतात आणि ही फुले आपल्या आसपासच्या पॉलिहाउसमध्येच पिकतात. दिंडोरी तालुक्यातील जानोरी आणि मोहाडी या गावांचा गुलाब तर दूरदूरच्या बाजारांत जातो. ज्या शहराला मोगल काळात गुलशनाबाद म्हणत, त्या शहरातील मांडवात परगावच्या फुलांसाठी अडून बसावे लागू नये असे मला मनापासून वाटते.

गोल कमानीची आवड मात्र जरूर पुरवावी. ही पद्धत केवळ नवी आहे म्हणून नव्हे, तर ती फुलांच्या दृष्टीने काटकसरीची आहे म्हणून. थोडा हिशेब मांडून पाहू. २० फूट रुंद आणि १० फूट उंच अशी संपूर्ण भिंत गुलाबांनी झाकायची म्हटली, तर ते क्षेत्र साधारण साडेअठरा चौरस मीटर भरते. उमललेला गुलाब सहा सेंटिमीटर रुंद धरला तर एका चौरस मीटरला सुमारे पावणेतीनशे आणि सगळ्या भिंतीला पाच हजारांहून अधिक गुलाब लागतात. वीस गुलाबांची एक जुडी, म्हणजे अडीचशेपेक्षा जास्त जुड्या. आता आठ फूट व्यासाची लोखंडी कमान घ्या. हल्लीच्या पसंतीप्रमाणे तिचा एकतृतीयांश भागच, तोही एका बाजूला झुकता, फुलांनी भरायचा आणि उरलेला गज हिरवळीने गुंडाळायचा. एक फूट रुंदीचा पट्टा धरला तर सुमारे सव्वादोनशे गुलाब, म्हणजे अकरा-बारा जुड्या पुरतात. फुटकी-दबलेली फुले गृहीत धरून पंधरा जुड्या सांगाव्यात. वाचलेल्या रकमेत उत्तम प्रतीचा लांब देठाचा माल घेता येतो आणि वधूवरांच्या आसनाजवळ मोगऱ्याच्या लडी सोडता येतात. मे महिना हा मोगऱ्याचा महिना आहे. त्या दिवसांत मोगरा न वापरणे मला तरी उधळेपणाचे वाटते.

साडेबाराच्या मुहूर्तासाठी फुलांची तयारी आदल्या संध्याकाळीच करावी लागते आणि सजावट टिकते की कोमेजते हे बहुतांशी तेथेच ठरते. गुलाबाच्या जुड्या आल्याबरोबर कागद न काढता देठांची टोके धारदार कात्रीने दोन-तीन सेंटिमीटर तिरपी कापावीत, पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत आणि जुड्या स्वच्छ बादलीत, अंधाऱ्या व गार खोलीत रात्रभर पाणी पीत ठेवाव्यात. जरबेऱ्याचा देठ पोकळ आणि मऊ असतो. तो खोल पाण्यात ठेवल्यास कुजतो, म्हणून त्याला बादलीत चार बोटे पाणी पुरे. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण मंगल कार्यालयांत ती हमखास घडते. उन्हाळ्याच्या लग्नात आमरसासाठी आणलेल्या आंब्यांच्या पेट्या आणि फुलांच्या बादल्या एकाच कोठीत ठेवल्या जातात. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. त्याने कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून फूल मिटल्यासारखे होते आणि ऑर्किडची फुले गळतात. सकाळी फुले मलूल दिसली की फूलवाल्याला दोष दिला जातो, पण त्याचा माल चांगला असतो. आंब्यांची कोठी आणि फुलांची कोठी वेगळी ठेवा.

कमान उभी करताना तिच्या पाठीवर दक्षिणेचे आणि पश्चिमेचे ऊन येणार नाही अशी जागा पाहावी आणि वर कापडी छत अवश्य घ्यावे. फुले पहाटेच लावून ठेवण्याचा आग्रह डेकोरेटर धरतील, कारण त्यांची माणसे पुढच्या कामावर जायची असतात. तरीही लोखंडी सांगाडा, कापड आणि हिरवा पाला रात्री, आणि फुले सकाळी आठनंतर, असे दोन टप्पे त्यांच्याकडून आधीच कबूल करून घ्यावेत.

प्रश्न : आमच्या घरात वाद चालू आहे. सासूबाई म्हणतात की झेंडू, आंब्याची पाने आणि केळीचे खांब यांशिवाय लग्नमांडव शोभत नाही. धाकटी नणंद म्हणते की झेंडू जुनाट दिसतो आणि फोटोत सगळे पिवळे-पिवळे येते. (वरपक्ष, सिडको)

उत्तर : या वादात दोघींचीही बाजू राखता येईल. आजच्या सजावटीत झेंडू मागे पडलेला नाही, फक्त त्याची मांडणी बदलली आहे. पूर्वी केशरी आणि पिवळ्या माळा आलटून-पालटून, मध्ये हिरवी पाने घालून बांधत. आता एकाच छटेचा झेंडू, म्हणजे सगळा फिकट पिवळा किंवा सगळा गडद केशरी, छतापासून जमिनीपर्यंत सरळ लडींनी सोडतात, आणि लडींमध्ये वीतभर मोकळी जागा राखतात. त्या मोकळ्या जागेमुळे पडदा हलका दिसतो आणि वाराही आरपार जातो. पांढऱ्या शेवंतीच्या लडी मध्ये घेतल्या की पिवळेपणाची तक्रार उरत नाही. शेवंती थंडीत भरपूर येते, तेव्हा आपले लग्न डिसेंबर-जानेवारीत असेल तर हा मेळ उत्तम साधेल.

आपल्या नणंदबाईंना एक गोष्ट सांगता येईल आणि सासूबाईंनाही तीच सांगावी. झेंडू आणि निशिगंध ही दोन्ही फुले मूळची मेक्सिकोकडील आहेत. ती आपल्याकडे येऊन काही शतके झाली आणि आज त्यांच्याशिवाय दसरा, दिवाळी किंवा लग्न यांची कल्पनाही कोणी करीत नाही. एके काळी नवी असलेली गोष्ट मांडवात सामावून घेण्याची आपली रीतच आहे. त्यामुळे पेस्टल रंगाच्या गुलाबांना मज्जाव करण्याचे कारण नाही, आणि झेंडूला हद्दपार करण्याचेही नाही. प्रवेशद्वार, मुहूर्तमेढ आणि वैदिक विधींचा मांडव सासूबाईंच्या मनाप्रमाणे आंब्याच्या डहाळ्या, केळीचे खांब आणि झेंडू यांनी सजवावा, आणि स्वागत समारंभाचे व्यासपीठ नणंदबाईंकडे द्यावे.

प्रश्न : कृत्रिम फुलांचा बॅकड्रॉप खऱ्या फुलांच्या जवळजवळ निम्म्या दरात मिळत आहे. दुरून फरकही कळत नाही. मग खऱ्या फुलांचा आग्रह का धरावा? शिवाय थर्माकोलची मंदिराची प्रतिकृती घ्यावी का? (वधूपिता, सिन्नर)

उत्तर : थर्माकोलचे उत्तर सरळ आहे : घेऊ नये. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि केंद्र सरकारनेही १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर बंदी घातली त्यांत सजावटीसाठीचे थर्माकोल तसेच फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या यांचा समावेश आहे. कोणी 'सगळीकडे चालते' असे सांगितले तरी आपण त्याला बळी पडू नये. मंदिराचा किंवा वाड्याचा देखावा सध्या फार मागितला जातो हे खरे आहे. तो प्लायवूड, बांबू आणि कापड यांतूनही होतो आणि फायबरचे खांब डेकोरेटर वर्षानुवर्षे भाड्याने फिरवत असतात. आपण तर सिन्नरचे आहात. गोंदेश्वराच्या दगडी मंदिराची एक-दोन छायाचित्रे कारागिराला दाखवून, त्यातील एखादी खांबाची जोडी आणि वरची पट्टी एवढेच कापडावर रंगवून घेतले तरी आपल्या गावाची खूण मांडवात येईल. संपूर्ण मंदिर उभे करण्याचा हट्ट धरला की देखावा वधूवरांवर कुरघोडी करतो.

कृत्रिम फुलांविषयी माझे मत स्पष्ट आहे, तरी दुसरी बाजूही मांडतो. ती भाड्याची असल्यामुळे अनेकदा वापरली जातात, उन्हात कोमेजत नाहीत, आणि उंच छताला, जेथे कोणाचा हात पोहोचत नाही आणि पाणी पोहोचवणेही कठीण असते, तेथे ती वापरली तर मी हरकत घेणार नाही. परंतु धुळीने आणि उन्हाने त्यांचे रंग उडतात, भाड्याचा माल कितव्या लग्नाचा आहे हे कळत नाही, आणि शेवटी ते कापड-प्लास्टिकचे मिश्रण कचराभूमीतच जाते. फूल उत्पादक शेतकरी कृत्रिम फुलांवर बंदीची मागणी करीत आहेत, त्यामागे त्यांच्या बाजारभावाचा प्रश्न आहे. पॉलिहाउस उभारायला कर्ज लागते आणि त्याचे हप्ते लग्नसराईत मिळणाऱ्या दरांवर अवलंबून असतात. आपल्या जिल्ह्यातील माणसाच्या घरात ते पैसे जावेत असे मला वाटते.

दुरून फरक कळत नाही, हे छायाचित्रापुरते खरे आहे. पण अक्षता टाकून झाल्यावर नातेवाईक वधूवरांना भेटायला व्यासपीठावर येतात, तेव्हा ते बॅकड्रॉपपासून दोन हातांवर उभे असतात. तेथे सुगंध हवा. निशिगंधाचा वास संध्याकाळनंतर वाढतो, मोगऱ्याच्या कळ्याही सायंकाळी उमलतात. त्यामुळे गोरज मुहूर्ताच्या लग्नाला या दोन फुलांइतकी साथ दुसरे कोणतेच देणार नाही. पैसा मर्यादित असेल तर डोक्यावरच्या भागात हिरवा पाला किंवा कापड घ्यावे आणि खरी फुले कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीत, वधूवरांच्या दोन्ही बाजूंना, एकवटावीत. पाहणाऱ्यांची नजर आणि कॅमेरा दोन्ही तेथेच असतात.

प्रश्न : एकाच सजावटीसाठी एकाच डेकोरेटरने दोन तारखांना वेगवेगळे दर सांगितले. ही फसवणूक आहे का? (इंदिरानगर)

उत्तर : बहुधा नाही. फुलांचा भाव रोज ठरतो. गुरु किंवा शुक्राचा अस्त असला की मुहूर्त बंद राहतात आणि तो सरताच एकेका दिवशी शहरात शेकडो कार्ये येतात. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात व्हॅलेंटाइन दिनामुळे गुलाब महागतो, दसरा-दिवाळीला झेंडू, आणि मार्गशीर्षातील गुरुवारी व्रतामुळे शेवंती व सुट्या फुलांची मागणी वाढते. तारीख निश्चित करताना मार्गशीर्षातील गुरुवार आणि त्याचा आदला दिवस टाळता आला तर पाहावे. डेकोरेटरांकडून कोटेशन घेताना मात्र 'फुलांची सजावट' असे मोघम लिहून घेऊ नये. कोणते फूल, कोणता रंग, किती जुड्या किंवा किती किलो, खरे किती आणि कृत्रिम किती, आणि एखादे फूल न मिळाल्यास त्याऐवजी काय, हे लिहून घ्यावे. ज्यांना वेळ आहे त्यांनी पहाटे फूलबाजारात एक फेरी मारावी. तेथील भाव ऐकले की कोटेशनमधील आकडे आपोआप समजतात.

प्रश्न : मुलीची साडी गडद लाल आहे. बॅकड्रॉप कोणत्या रंगाचा घ्यावा? हल्ली मोठ्या एलईडी पडद्याचीही चाल आली आहे, ती कशी वाटते? आणि आजीची येवल्याची जुनी पैठणी मागे लावता येईल का? (पंचवटी)

उत्तर : लाल साडीमागे लाल गुलाबांची भिंत उभी केली तर साडी तिच्यात विरून जाते. छायाचित्रात केवळ चेहरा आणि दागिने उरतात. गडद साडीमागे मोतिया, फिका हिरवा किंवा फिकट पिवळा, आणि पिवळ्या अष्टपुत्रीमागे गडद हिरवा पाला, असा उलट मेळ साधावा. साडीचा एक छोटा तुकडा, किंवा निदान ब्लाउजपीस, डेकोरेटरांकडे द्यावा, कारण मोबाइलच्या पडद्यावर लाल रंग कधी किरमिजी दिसतो तर कधी विटकरी. दिव्यांचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. निळसर पांढऱ्या झोतात पिवळा झेंडू हिरवट आणि त्वचा फिकट दिसते, म्हणून व्यासपीठावर पिवळसर उबदार प्रकाश, साधारण ३००० केल्विनचा, मागावा. पाठीमागच्या भिंतीवर जांभळा-निळा प्रकाश टाकण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती विधींच्या वेळेपुरती तरी बंद ठेवण्यास सांगावे.

एलईडी पडदा स्वागत समारंभात, दोघांची छायाचित्रे दाखवण्यासाठी, जरूर घ्यावा. विधींच्या वेळी मात्र तो नको. हलणारी चित्रे पाहुण्यांचे लक्ष वधूवरांवरून काढून घेतात, आणि पडद्याच्या प्रखरतेमुळे पुढच्या माणसांचे चेहरे छायाचित्रात काळवंडतात. दोघांच्या नावांची आद्याक्षरे फुलांत किंवा लाकडात गुंफून लावणे हे सध्याच्या चालींपैकी मला विशेष आवडणारे आहे, कारण त्यात ते लग्न त्या दोघांचे म्हणून ओळखू येते. मराठीत अक्षरे लिहायची तर ती सुलेखनाच्या कारागिराकडून काढून घ्यावीत. छापील ठशापेक्षा त्यांचे वळण फार सुंदर दिसते.

आजीची पैठणी लावावी, पण तिला टाचण्या टोचू नयेत. जरीची तार तुटते आणि जुने रेशीम टोचलेल्या ठिकाणाहून फाटत जाते. जाड काठीवर आधी मऊ पंचा गुंडाळावा, त्यावर पैठणी दुहेरी पसरून सोडावी, आणि पदरावरील मोर किंवा मुनिया समोर येईल असे पाहावे. ओली फुले तिच्यापासून हातभर दूर ठेवावीत, कारण झेंडूचा रंग ओलसर रेशमाला लागला तर निघत नाही.

प्रश्न : वाळलेल्या पॅम्पस गवताचे तुरे फार सुंदर दिसतात. ते विवाहहोमाच्या मांडवात वापरले तर चालतील का? (नाशिक रोड)

उत्तर : होमाजवळ वापरू नयेत. ते वाळलेले, कापसाळ तुरे आहेत आणि एक ठिणगी पुरेशी आहे. तलम कापडी झालरींनाही हाच नियम लावावा. होमकुंडाभोवती आणि त्याच्या वर ताजा पाला व ताजी फुलेच असावीत, व्यासपीठाशेजारी अग्निशामक नळकांडे आणि पाण्याच्या बादल्या असाव्यात, आणि ते नळकांडे चालवणारा माणूस कोण हे आधी ठरलेले असावे. पॅम्पस प्रवेशद्वारापाशी किंवा छायाचित्रांच्या कोपऱ्यात, हॅलोजनच्या दिव्यांपासून दूर, जरूर लावा.

प्रश्न : द्राक्षबागेत लग्न करण्याचा विचार आहे. बागच बॅकड्रॉप म्हणून वापरायची, त्यामुळे फुलांचा खर्च वाचेल असे मुलाचे म्हणणे आहे. एप्रिलअखेरची तारीख सोयीची आहे. (वरपिता, ठाण्याहून, विवाहस्थळ नाशिक)

उत्तर : कल्पना चांगली आहे, तारीख मात्र बदलावी. नाशिकच्या द्राक्षबागांची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीत वेल अक्षरशः बोडके केले जातात. त्या दिवसांत आपल्याला मागे केवळ तारा, खांब आणि तपकिरी ओलांडे, म्हणजे वेलांच्या आडव्या फांद्या, दिसतील. ऑक्टोबरमधील गोडी छाटणीनंतर पालवी फुटते, नोव्हेंबरअखेरीस मांडव हिरवागार होतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत घड भरलेले असतात. नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत बागेला फारशा सजावटीची गरजच भासणार नाही : एक साधी लाकडी चौकट, तिच्या कोपऱ्यावर पांढऱ्या गुलाबांचा गुच्छ आणि खाली निशिगंधाच्या कुंड्या, एवढ्यावर भागेल. बागमालकांना फवारणीचे वेळापत्रक विचारून घ्यावे, कार्याच्या आधीच्या दिवसांत फवारणी होऊ नये. घड तोडून सजावटीत वापरायचे असतील तर त्यांची किंमत ठरवावी, बागेला गृहीत धरू नये.

थंडीतील संध्याकाळी दव पडते हेही लक्षात ठेवावे. निफाडकडचा गारठा आपण ऐकून असालच. रात्रीच्या समारंभात कापडी पडदे ओले होऊन लोंबतात, म्हणून कापड कमी आणि पाला-फुले जास्त असा विचार करावा. फुलांना ती हवा फारच मानवते. मोकळ्या जागेत, बाग असो वा लॉन्स, अखंड फ्लेक्स किंवा ताणलेले कापड लावलेला सांगाडा वाऱ्याच्या झोतात शिडासारखा ओढला जातो. एप्रिल-मेमध्ये अवकाळी पावसाआधी जो वारा सुटतो त्यात असे सांगाडे कोसळतात. पायाला वाळूची पोती आणि मागून दोरांचा ताण आहे की नाही हे घरातील एका जबाबदार माणसाने स्वतः हलवून पाहावे.

प्रश्न : मुलीचा साखरपुडा घरीच, सदनिकेच्या दिवाणखान्यात करणार आहोत. डेकोरेटर बोलावणे परवडणारे नाही. घरच्या घरी काय करता येईल? बाजारात फुले खोचण्यासाठी हिरवा स्पंज मिळतो, तो घ्यावा का? (गृहिणी, मखमलाबाद रोड)

उत्तर : आपले पत्र वाचून मला सर्वांत आनंद झाला, कारण घरच्या माणसांनी केलेल्या सजावटीत जी आपुलकी असते ती विकत मिळत नाही. हिरवा स्पंज घेऊ नये. तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडपासून बनवलेला प्लास्टिकचा फेस असतो, एकदा टोचला की पुन्हा उपयोगी पडत नाही, आणि त्याचा चुरा पाण्यात गेला की सूक्ष्म प्लास्टिक होऊन राहतो. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने आपल्या पुष्पप्रदर्शनांत २०२१ पासून त्याला मनाई केली आहे. आपल्याकडे त्याला सोपा पर्याय आहे आणि तो आपल्या जुन्या मांडवांतूनच आला आहे : केळीचा बुंधा.

घड उतरवलेल्या केळीचा ताजा बुंधा बागायतदार सहज देतात. त्याचे वीतभर लांबीचे तुकडे करावेत, वरचे एक-दोन वाळके पापुद्रे सोलून टाकावेत, आणि आडव्या ठेवलेल्या तुकड्याला खालून पातळ चकती कापून बैठक सपाट करावी, म्हणजे तो गडगडत नाही. आत पाणी धरून ठेवणाऱ्या कप्प्यांचे थर असतात. काडीने तिरपे भोक पाडून गुलाबाचा किंवा शेवंतीचा देठ त्यात खोचला की फूल घट्ट बसते आणि दिवसभर ओलावा मिळतो. बुंध्यातून चीक निघतो आणि त्याचे काळे डाग कपड्यांना कायमचे लागतात, म्हणून हे काम जुने कपडे घालून, खाली गोणपाट पसरून, आदल्या रात्री उरकावे. तुकडे परातीत ठेवून त्यांच्या कडा कामिनीच्या डहाळ्यांनी झाकल्या की खाली काय आहे हे कोणाला कळणारही नाही.

भिंतीसाठी मोठे काही उभारू नये. दिवाणखान्याच्या पडद्याच्या दांडीवरून एकरंगी सुती साडी चुण्या घालून सोडावी आणि तिच्यावर दीड-दोन फुटांच्या अंतराने झेंडूच्या लडी बांधाव्यात. सलग लडीला एका मीटरला वीसेक फुले लागतात. सात फुटांच्या सात लडी केल्या तर सुमारे तीनशे फुले, म्हणजे अडीच-तीन किलो झेंडू पुरतो. सुई लांब घ्यावी आणि झेंडू देठाकडून मध्यभागी ओवावा, कडेने ओवला तर पाकळ्या सुटतात. घरातील मुलांना सकाळी एकत्र बसवले तर लडी तासाभरात तयार होतील.

प्रश्न : लग्नानंतर उरलेल्या फुलांचे काय करावे? आमच्याकडे ती गोदावरीत सोडण्याची पद्धत आहे. (आडगाव)

उत्तर : कृपया नदीत सोडू नयेत. श्रद्धा फुलांविषयी आहे आणि नदीविषयीही आहे. कुजणारी फुले पाण्यातील प्राणवायू ओढून घेतात, शिवाय हारांतील नायलॉनचा दोरा, जरीची पट्टी आणि तार तशीच तळाशी राहते. डेकोरेटरांशी ठरवतानाच सजावट उतरवणाऱ्या माणसांनी फुले, तारा आणि कापड वेगवेगळे करून द्यावे असे कबूल करून घ्यावे. ही अट आधी घातली नाही तर मध्यरात्री सगळे एकाच गोणीत भरले जाते. देठांची टवटवीत फुले त्याच रात्री जवळच्या नातेवाइकांना वाटावीत. सुटी फुले ओल्या कचऱ्यात, दोरा-तार काढून, घंटागाडीकडे द्यावीत. माल फार असेल तर मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांना महापालिकेच्या विभागीय कार्यालयाशी आधी बोलून ठेवण्यास सांगावे.

आपल्याकडे शेत किंवा परसदार असेल तर खड्ड्यात फुलांचा एक थर, वाळक्या पाल्याचा एक थर आणि वर पातळ मातीचा थर अशी भर घालून पाणी शिंपडत राहावे. आठवड्यातून एकदा वर-खाली केले तर दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. गुलाबाचे जाड देठ बारीक तोडून घालावेत, ते कुजायला वेळ लागतो. रंग फवारलेली किंवा चमकी लावलेली फुले मात्र या खड्ड्यात घालू नयेत.